कोयनेचं पाणी, 'पुष्कळांचं पुष्कळ सुख' आणि किंमत मोजणारे

कृष्णाकाठी (धागाकर्ता)

कोयना धरण भरत आलं की सांगलीत दर पावसाळ्यात एकच वाद पेटतो: पाणी आधी का सोडलं नाही? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हापासून हा प्रश्न आमच्याकडे घराघरांत आहे. पण त्याला जत-आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांची दुसरी बाजूही आहे. १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरण पुराच्या भीतीनं जुलैत रिकामं ठेवलं आणि पुढे पावसानं दगा दिला, तर उन्हाळ्यात नदीत पाणी कुठलं आणि टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचे पंप उपसणार काय? विजेचा हिशोब वेगळाच.

हा वाद आपण अभियंत्यांवर सोडून मोकळे होतो. मला तो आधी नीतीचा वाटतो. किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) सोडायचे हे गणित झालं. कोणाच्या घरात पाणी शिरलं तर चालेल आणि कोणाचं रान वाळलं तर चालेल, हे कुठल्याही गणितातून निघत नाही. म्हणून बरं-वाईट ठरवण्याच्या मोठ्या विचारपद्धती याच प्रश्नावर घासून बघाव्यात, असं मनात आलं.

उपयुक्ततावादापासून सुरुवात करतो, कारण सरकारी निर्णयांची भाषा तीच असते. जेरेमी बेंथमनं तो १७८९ च्या ग्रंथात मांडला, पुढे जॉन स्टुअर्ट मिलनं सावरून घेतला. ज्यानं जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं होईल ते कृत्य योग्य. याचं मोठेपण आपण विसरतो. राजाचं सुख एक आणि सालगड्याचं सुखही एकच धरायचं, हे अठराव्या शतकात म्हणायला छाती लागत होती. पण बेरजेत माणूस हरवतो, आणि त्याचा पुरावा कोयनाच आहे. धरणासाठी पाटण-जावळीच्या खोऱ्यातली गावं उठली. राज्याचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ मध्ये, तोवर धरण भरूनही झालं होतं. विजेनं कारखाने चालले, राज्याची बेरीज वाढली हे खरंच. पण उठवलेल्यांची नातवंडं जमिनीसाठी अजून आंदोलनं करतात, आणि त्या बेरजेच्या कागदावर त्यांच्यासाठी रकाना नाही.

इमॅन्युएल कांटनं १७८५ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरायचं नाही. परिणाम कितीही गोड असो, जे सगळ्यांसाठी नियम म्हणून चालणार नाही ते तू करू नकोस. बाणेदार विचार आहे. मात्र धरण भरून ठेवलं तर सांगली बुडते आणि रिकामं ठेवलं तर आटपाडी वाळते, अशा पेचात कांटचा नियम दोन्हीकडून बोलतो.

ॲरिस्टॉटल कृत्यापेक्षा माणसाकडे बघतो. निर्णय घेणारा शहाणा, धीराचा, न्यायी आहे का? तसा असेल तर प्रसंग बघून योग्य तेच करेल. यावर मी फार लिहीत नाही, कारण चांगल्या माणसाच्या भरवशावर कारभार चालवणं मला कधी पटलेलं नाही.

माझं म्हणणं असं की पद्धत कोणतीही घ्या, पण "किंमत कोण मोजणार, आणि त्याला कोणी विचारलं का?" हा पहिला प्रश्न हवा. जी पद्धत तो शेवटी विचारते, तिचा निवाडा मला अपुरा वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

वाईकर

उत्तम धागा. पण मांडणीत टिळकांना वगळून पुढे जाता येणार नाही. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ मध्ये लिहिलेलं आणि १९१५ मध्ये छापलेलं गीतारहस्य हा मराठीतला या विषयावरचा पहिला भरभक्कम तौलनिक विचार आहे. मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन या सगळ्यांशी टिळक समोरासमोर वाद घालतात. धाग्याच्या शीर्षकातला शब्दप्रयोगही त्यांच्याच पानांतला.

त्यात एक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात ट्रामची लोकांना फार गरज होती. परवानगी मिळायला उशीर लागत होता. व्यवस्थापकानं अधिकाऱ्यांना लाच दिली, ट्राम झाली, शहराची सोय झाली. पुढे प्रकरण उघडकीला येऊन त्याच्यावर खटला चालला आणि शिक्षा झाली. पुष्कळांचं सुख हीच कसोटी असती तर त्याचा सत्कार व्हायला हवा होता. तरी आपल्या मनाला ते कृत्य खुपतं. का? टिळकांचं उत्तर असं की बाहेरचा परिणाम बघून कृत्याची लायकी ठरत नाही, करणाऱ्याची बुद्धी बघावी लागते. सर्वांभूती सम झालेल्या बुद्धीतून निघालेलं कर्म नीतीचं. इथे ते कांटच्या जवळ येतात, पण त्याही पुढे जाऊन त्या समबुद्धीचा पाया वेदान्तात शोधतात. आणि ही बुद्धी घेऊन घरी बसायचं नाही, लोकसंग्रहासाठी, म्हणजे लोकांच्या भल्यासाठी, कर्म करायचं.

तेव्हा दरवाजांपाशी बसलेल्या अधिकाऱ्याला मी विचारेन: सांगलीचा बंगला आणि आटपाडीची झोपडी तुला सारखीच दिसते का?

रानवाटा

वाचतेय. कोयना हे उदाहरण घेतलं ते बरं झालं, नाहीतर या विषयात कायम परदेशातली ट्राम नाहीतर रेल्वेचे रूळच येतात.

काळा_कोट

वाईकर काका, आदर ठेवून असहमत. बुद्धी दिसत नाही, ही मोठी अडचण आहे. कोर्टात आम्ही हेतू सिद्ध करतो तोसुद्धा कृत्यांवरून, कागदांवरून, वागण्यावरून. ज्याचं गाव बुडालं त्याला साहेबाची बुद्धी सम होती की विषम, यानं काय फरक पडतो? नुकसान तेवढंच. शुद्ध बुद्धीची कसोटी माणसानं स्वतःला लावायला चांगली. दुसऱ्याला, त्यातून सत्ता असलेल्याला, तीच लावली तर "माझं मन साफ होतं" एवढं म्हणून तो सुटतो. सार्वजनिक निर्णयाला उघड्यावर तपासता येईल अशीच कसोटी लागते.

वाईकर

काळा_कोट, मुद्दा मान्य आहे, पण अर्धाच. कायदा बाहेरून बघतो म्हणूनच तो नीतीची जागा घेऊ शकत नाही. आश्वमेधिक पर्वातल्या मुंगसाची गोष्ट आठवा. दुष्काळात उपाशी घरानं दारी आलेल्या अतिथीला आपल्या वाटणीचं सातू दिलं, आणि ते मुंगूस धर्मराजाला सांगतं की तुझा अख्खा यज्ञ त्या मापाला पुरत नाही. परिणामाच्या हिशोबात यज्ञ मोठा. पुष्कळ लोक जेवले. तरी आपलं मन मुंगसाच्या बाजूनं उभं राहतं. ते चुकतं असं म्हणाल का?

सांगलीवाडी_घाट

मी पुस्तकं फार वाचलेली नाहीत, पण महापुरात बोटीवर होतो, म्हणून एक प्रसंग मांडतो. तुम्ही सगळे मिळून तो तुमच्या कसोट्यांना लावा.

एका घराच्या माळवदावर म्हातारी होती. खाली परड्यात म्हैस बांधलेली, पाणी तिच्या पोटाला लागलेलं. म्हातारी हलायला तयार नाही. "म्हशीला सोडून न्हाई यायची मी. बँकेचं कर्ज हाय तिच्यावर, आन् पोरापरीस जास्त केलंय तिचं." बोटीत आधीच दोन बाळंतिणी आणि लहान पोरं. अंधार पडायला आलेला. आमच्यातला एक वयस्क माणूस म्हणाला, "आक्का, तुम्ही चला, पुढच्या खेपेला म्हशीसाठी तराफा आणतोय." तराफा कुठेच नव्हता, आणि हे त्यालाही माहीत होतं, आम्हालाही. म्हातारी बोटीत बसली. निघताना त्यानं पाण्यात उतरून म्हशीचं दावं कापलं, म्हणजे निदान पोहता तरी येईल.

म्हैस वाचली की नाही हे मला ठाऊक नाही. तो खोटं बोलला, हे बरोबर की चूक?

काळा_कोट

कांटनं याच्यावर थेट लिहिलंय, १७९७ च्या एका छोट्या निबंधात. खुनी माणूस दारात येऊन विचारतो, तुझा मित्र घरात लपलाय का? कांटचं उत्तर: खोटं बोलायचं नाही. कारण तू खोटं बोललास, आणि तोवर मित्र मागच्या दारानं निसटून नेमका त्या खुन्याच्या हाती लागला, तर ती जबाबदारी तुझ्यावर येते. खरं बोलून जे होईल ते तुझ्या माथी नाही. मी कांटला मानणारा आहे, पण इथे त्याच्यासोबत उभं राहायला माझे पाय धजत नाहीत. तुमच्या त्या माणसाला मी दोषी धरणार नाही.

वाईकर

आणि महाभारत नेमकं उलट सांगतं. कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा आहे. कायम खरं बोलायचं हे त्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीनं काही लोक रानात लपले. दरोडेखोरांनी कौशिकाला विचारलं, त्यानं खरं ते सांगितलं, लोक मारले गेले. कौशिक नरकात गेला. कृष्ण ही कथा अर्जुनाला कधी सांगतो ते बघण्यासारखं आहे. "गांडीव दुसऱ्याला दे" असं म्हणणाऱ्याला मारीन, या प्रतिज्ञेपायी अर्जुन खुद्द युधिष्ठिरावर तलवार उपसून उभा आहे. प्रजेचं धारण करतो तो धर्म, असं कृष्ण तिथे बजावतो. नियम पाळून माणसं मरत असतील तर तू धर्म पाळलास असं होत नाही.

पण तेच महाभारत खोट्याला सरसकट माफीही देत नाही. द्रोणाच्या वधासाठी युधिष्ठिर अश्वत्थाम्याबद्दल जे बोलला, त्यानंतर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. युद्ध जिंकलं, तरी रथ टेकलाच. मला हा बारकावा फार मोलाचा वाटतो. एखादी गोष्ट करणं भाग होतं, म्हणून ती निर्मळ ठरत नाही. तुमच्या बोटीतल्या माणसानं दावं कापलं ते मला त्यामुळेच महत्त्वाचं वाटतं. आपण देणं लागतो हे त्याला कळत होतं.

मिरजेची_सिस्टर

सगळे जण त्या माणसाबद्दलच बोलताहेत. त्या आक्कांचं काय?

मी मिरजेत नर्स आहे. पेशंटला खोटं सांगून शांत करणं मी रोज बघते, आणि दर वेळी कारण तेच असतं, वेळ नाही. कधी खरंच नसतो. पण बऱ्याच वेळा समोरची बाई शहाणी आहे, तिला खरं सांगितलं तर ती ठरवू शकेल, हे कुणाच्या मनातच येत नाही. आक्कांना "तराफा नाही, पण दावं कापतो, म्हैस पोहून निघू शकते" एवढं सांगितलं असतं तर? कदाचित आल्या असत्या. म्हैस म्हणजे त्यांचं कर्ज, दूध, आठवड्याचा पगार आणि माया सगळं एकत्र होतं.

मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगननं १९८२ मध्ये हाच आक्षेप घेतला होता. हक्क आणि नियमांच्या तराजूनं नीती मोजणाऱ्यांना, नाती सांभाळत निर्णय घेणाऱ्या बायकांचा विचार कच्चा वाटायचा. तिनं दाखवून दिलं की तो कच्चा नाही, वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतो: कोण कोणावर अवलंबून आहे, कोणाला सोडून चाललोय. म्हातारी अडून बसली नव्हती. ती आपली जबाबदारी सोडायला तयार नव्हती, बस्स.

अवांतर: बेंथमनं प्राण्यांबद्दल विचारलं होतं की त्यांना विचार करता येतो का हा प्रश्नच नाही, त्यांना वेदना होते का हा प्रश्न आहे. म्हणजे त्याच्या बेरजेत म्हैससुद्धा आहे.

रानवाटा

सिस्टर, +१. हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

सांगलीवाडी_घाट

ताई, तुमचं पटलं. तसं सांगून बघण्याइतकी दोन मिनिटं होती. बाळंतिणी भिजत होत्या हेही खरं.

अणुव्रती

जैन आणि बौद्ध विचार अजून आला नाही. सांगलीतल्या चर्चेत तो यायलाच हवा.

जैन नीती 'अहिंसा परम' एवढं सांगून थांबत नाही. मुनीचं महाव्रत वेगळं, गृहस्थाचं अणुव्रत वेगळं. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार धरतात. ठरवून, मनात आणून केलेली ती संकल्पी. स्वयंपाक-घरकामात होणारी आरंभी. शेती-धंद्यात होणारी उद्योगी. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. गृहस्थानं संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची, बाकीच्या शक्य तेवढ्या कमी करत न्यायच्या. माझी द्राक्षबाग आहे. छाटणीनंतर औषध मारताना किती जीव मरतात हे मला कळतं. ही विभागणी मला "सगळं चालतं" म्हणू देत नाही आणि "शेतीच सोड" असंही म्हणत नाही. दर हंगामात कमी कसं करता येईल, एवढाच प्रश्न ती माझ्यापुढे ठेवते.

बुद्धांनी चेतनेलाच, म्हणजे मनातल्या हेतूला, कर्म म्हटलं. मज्झिम निकायातल्या उपालि सुत्तात यावरच वाद आहे: निर्ग्रंथ (म्हणजे जैन) शरीरानं घडलेल्या कृत्याला सर्वांत दोषी धरतात, बुद्ध मनाच्या कृत्याला. वाईकर आणि वकीलसाहेबांचा वाद तिथे अडीच हजार वर्षांपूर्वी झालेला आहे. मला स्वतःला दोन्ही लागतात. मन साफ असलं तरी पायाखाली काय आलं ते बघायची जबाबदारी सुटत नाही.

राजवाडा_चौक

साताऱ्यातून लिहितोय. बाबासाहेब १९०० मध्ये ज्या शाळेत दाखल झाले, तिच्यावरून रोज जातो, म्हणून त्यांचा मुद्दा मांडणं माझं काम समजतो.

१९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या न झालेल्या भाषणात त्यांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केलाय. नियम सांगतो अमुक कर. तत्त्व फक्त कसोटी देतं, निर्णय तुमच्यावर सोडतं. त्यामुळे तत्त्वानं वागताना चूक झाली तरी कृत्य जबाबदारीचं असतं. नियमानं वागणारा बरोबर वागला तरी त्यात त्याचं काही नसतं. धर्म नुसत्या नियमांची यादी झाला की तो जबाबदारीच मारून टाकतो, हा त्यांचा आरोप होता. पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेबद्दल तेच: मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज वेगळी, आणि अहिंसा हा बुद्धांचा नियम नव्हता, तत्त्व होतं.

वाईकर काकांना एक नम्रपणे सांगतो. गीतेबद्दल बाबासाहेबांचं मत टिळकांच्या अगदी विरुद्ध होतं. स्वधर्म म्हणजे जन्मानं आलेलं काम, असं वाचलं की समबुद्धीची भाषा विषमता टिकवायला वापरता येते, आणि तशी ती वापरली गेली. ज्यांनी शेकडो वर्षं किंमत मोजली त्यांना कोणत्याही नीतीनं विचारलं नव्हतं. म्हणून धागाकर्त्याचा पहिला प्रश्न माझाही पहिला प्रश्न आहे.

वाईकर

तुमचा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. टिळकांच्या ग्रंथाचं तर्कसामर्थ्य मला आजही थोर वाटतं. पण चातुर्वर्ण्याच्या प्रश्नावर तो ग्रंथ पुरा पडत नाही, हे मी मानतो.

क्रांतीसिंह_प्रेमी

पत्रीसरकारचा, म्हणजे इंग्रजांविरुद्ध साताऱ्यात चाललेल्या भूमिगत प्रतिसरकारचा, विषय राहिला. १९४४ मध्ये सुटकेनंतर गांधीजींनी भूमिगतांना उघड व्हायला सांगितलं, तरी सातारचं प्रतिसरकार १९४६ पर्यंत चाललं. गावगुंडांना तळपायावर मार, सावकाराला जरब. साधनशुचिता मोठी, की गावातल्या बाईला निर्धास्त फिरता येणं मोठं?

कृष्णाकाठी (धागाकर्ता)

यावर स्वतंत्र धागा काढा, नक्की येतो. इथे दोन ओळींत त्या माणसांवर अन्याय होईल.

येरळाकाठ

मी खानापूर तालुक्यातला. धागाकर्ता विचारतात की किंमत मोजणाऱ्याला कोणी विचारलं का. विचारून केलेलं एक काम आमच्याकडे उभं आहे, त्याबद्दल लिहितो.

येरळा नदीवर तांदुळवाडी आणि बलवडी या दोन गावांनी मिळून ऐंशीच्या दशकात बळीराजा स्मृती धरण बांधायला घेतलं. ठेकेदार नदीतली वाळू भरमसाट उपसत होते, विहिरी आटत होत्या. मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी तो उपसा अडवला, आणि मोजकीच वाळू विकून धरणाला पैसा उभा केला. खरी गोष्ट पुढची आहे. पाण्याचं वाटप जमिनीच्या आकारावर ठेवलं नाही. प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा, आणि ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही त्यालाही वाटा. या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असंही ठरलं.

भूमिहीनाला पाण्याचा हक्क! आमच्या भागात हे ऐकून आधी माणसं गप्प झाली. पाणी रानाचं असतं, असंच सगळे धरून चालले होते. पण पाणी माणसाचं म्हटलं की भूमिहीन माणूस आपला वाटा घेऊन कुणाचं तरी रान वाट्यानं करू शकतो, आणि बोलणीला बसताना त्याच्याही हातात काहीतरी असतं.

जॉन रॉल्सनं १९७१ च्या ग्रंथात सांगितलंय की समाजाचे नियम ठरवताना आपण कोण म्हणून जन्मणार हे माहीत नाही असं धरून बसा. बागायतदार की मजूर, काही ठाऊक नाही. मग जे नियम ठरतील ते न्यायाचे. आमच्या गावांनी ते पुस्तक बघून काही केलं नाही. पण भूमिहीनाला बैठकीत बसवून नियम ठरवले की उत्तर त्याच जागी जातं. फरक एवढाच की रॉल्सला कल्पना करावी लागते, इथे तो माणूस समोर बसलेला असतो. मला दुसरी रीत जास्त भरवशाची वाटते. बागायतदारानं मजूर होऊन बघायची कितीही कल्पना केली, तरी त्याला घागरीची रांग आठवेलच असं नाही.

काळा_कोट

हा धाग्यातला सर्वांत वजनदार प्रतिसाद. एकच शंका. दोन गावं एका बैठकीत बसतात. कोयनेच्या खाली दोन जिल्हे, पुढे कोल्हापूरचा काही भाग आणि पलीकडे कर्नाटक. तिथे कोणाला कुठे बसवणार? आणि पूर येताना बैठक घ्यायला वेळ कुठला?

कृष्णाकाठी (धागाकर्ता)

पूर येताना नाहीच. ती वेळ बोटीतल्या माणसाची असते, आणि तिथे वाईकरांचा टेकलेला रथ आणि सिस्टरांची दोन मिनिटं, दोन्ही मी जपून ठेवतो. पण कोणत्या तारखेला धरणात किती साठा ठेवायचा, याचा तक्ता पावसाळ्याच्या कितीतरी आधी ठरतो. खरी नैतिक निवड त्या तक्त्यात होते. ऑगस्टमध्ये नुसती अंमलबजावणी असते. राजवाडा_चौक यांच्या भाषेत सांगायचं तर ऑगस्टमधला अधिकारी नियमानं वागतो. तत्त्वाचा निर्णय मार्चमध्ये कुणीतरी बंद खोलीत घेतलेला असतो.

तो तक्ता मार्च-एप्रिलमध्येच मराठीत, साध्या भाषेत, पूररेषेतल्या गावांपुढे आणि दुष्काळी तालुक्यांपुढे एकत्र ठेवावा. धरणग्रस्तांच्या वसाहतींपुढेही. जतचा शेतकरी आणि सांगलीवाडीची आक्का एका सतरंजीवर बसली तर तो म्हणेल "भरून ठेवा", ती म्हणेल "रिकामं करा". मग पुराची जोखीम घेणाऱ्याला भरपाई किती आणि किती दिवसांत, पाऊस फसला तर दुष्काळी भागाला पाणी कुठून, हे त्याच बैठकीत लिहून घेता येईल. बेंथमची बेरीज तिथे लागेल, कांटचा माणूसही लागेल. कर्नाटकाचा प्रश्न यानं सुटत नाही, वकीलसाहेब. तो दोन राज्यांत बसूनच सुटेल.

काळा_कोट

भरपाईची अट आधी लिहून, हे मला पटतं. कायद्यात ते बसवता येतं. पुनर्वसन कायद्यानं जे उशिरा केलं, ते इथे पावसाळ्याआधी होईल. मसुदा करायला मी वेळ देतो. येरळाकाठ, बळीराजा धरणाच्या बैठकांचे ठराव कुणाकडे जपून ठेवलेले असतील तर बघाल का? सारखा वाटा म्हणताना कुटुंब कसं मोजलं, हे मला त्यांच्याच शब्दांत वाचायचं आहे.

येरळाकाठ

विचारतो. जुनी माणसं आहेत अजून. रविवारी बलवडीला जातोय.